चंदन कुणाला आवडतं?

कर्जतच्या बाजारात भिवाजी ठोंबरेचं उदबत्त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण वास अख्ख्या गल्लीला. चंदन, मोगरा, केवडा, लोबान, धूपकांड्या, अत्तराच्या बाटल्या, आणि हल्ली पळसदरीकडच्या फार्महाऊसवाल्यांसाठी विजेवर चालणारी, वाफ सोडणारी सुगंधी भांडीसुद्धा.

गिऱ्हाईक आलं की भिवाजी आधी चौकशी करायचा. "घर केवढं हाय? हवा खेळती का? कुणाला दम्याचा तरास?" मग सुट्ट्या उदबत्त्यांतली एखादी काडी काढायचा, न पेटवता नाकाखालून फिरवायचा आणि निकाल द्यायचा, "हॉलला ही लावा. देवघराला ती." लोकांना हा थाट आवडायचा. भिसेगावातल्या कितीतरी घरांचा वास भिवाजीनं ठरवून दिलेला होता.

त्याचं स्वतःचं घरही भिसेगावातच. तिथे चंदन. लग्न झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ चंदनच.

यंदा श्रावणात त्याला ताप आला. आठवडाभर अंथरुणात काढून तो दुकानात परतला, शटर वर केलं आणि तिथेच थबकला. रोज शटर उघडलं की सगळे वास एकदम अंगावर यायचे, शाळा सुटल्यावर पोरं येतात तसे. आज काहीच आलं नाही. नाक चोंदलं असेल म्हणून त्यानं जोरात शिंकरलं. मोगरा पेटवला. धूर दिसला, डोळे चुरचुरले, वास नाही. केवडा पेटवला. लोबान पेटवला. शेवटी कापराची वडी नाकाशी धरली, तर आत थंडगार झोंबलं तेवढंच.

भिवाजीनं शटर अर्धं खाली ओढलं. उदबत्तीवाल्याला वास येत नाही हे बाजारात कळलं, तर लोक काय म्हणतील? त्यानं कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. बायकोला, भागूबाईलाही नाही. दुकानात तो लेबलं वाचून निभावून न्यायला लागला. काडी मात्र पूर्वीसारखीच नाकाखालून फिरवायचा, डोळे मिटून, मान डोलवून. आणि घरी एकाच्या जागी तीन-तीन उदबत्त्या लावायचा, न जाणो, एखादी लागू पडेल म्हणून.

"अवो, घर हाय का वीटभट्टी?" भागूबाई पदरानं धूर वारत म्हणायची. "देवाला बी ठसका लागंल."

भिवाजी आणखी एक काडी पेटवायचा.

एका सकाळी भागूबाई खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली. जाताना सांगून गेली, "दूध ठेवलंय, बगा जरा." भिवाजी ओट्यापासून हातभर अंतरावर, पेपर तोंडासमोर धरून बसला होता. भागूबाई परत जिना चढायला लागली तर दुधाचा करपट वास पहिल्या पायरीपर्यंत आलेला. धावत वर आली. पातेलं काळं ठिक्कर झालेलं, करपल्याचा धूर तीन उदबत्त्यांच्या धुरात मिसळलेला, आणि नवरा निवांत पेपर वाचतोय.

"काय गं, पळत का आलीस?" त्यानं विचारलं.

भागूबाईनं गॅस बंद केला. त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग फळीवरचा एक डबा काढला आणि म्हणाली, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हंते ना."

त्यानं डोळे मिटले. तिनं डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला. "वळखा, काय हाय?"

भिवाजीनं लांब श्वास घेतला, मान डोलवली आणि अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाला, "मोगरा. पण भारीतला."

डब्यात सुकट होती. भागूबाईला असं हसू फुटलं, की ती ओट्याला टेकून डोळे पुसायला लागली. मग तिची नजर नवऱ्याच्या तोंडाकडे गेली आणि तिचं हसू विरलं. भिवाजीनं डोळे उघडले होते. तो त्या सुकटीकडे बघत होता आणि परत परत हुंगत होता.

"कदीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"तापापासून."

"आणि मला बोलला नाय तुमी?"

"काय सांगू? धंदाच नाकावर हाय आपला."

भागूबाईनं त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं. तापानंतर असं होतं, बहुतेकांचा वास हळूहळू परततो, परतताना आधी वेडावाकडाही येतो, म्हणाले. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, असे ओळखीचे वास रोज शांतपणे घ्यायचे. घाई करायची नाही.

घाई गणपतीला होती. सणाचा माल आला तो भर पावसात. टेंपोची ताडपत्री फाटकी, खोकी भिजलेली. आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या कोरड्या होत्या, पण लेबलं पार धुऊन गेलेली. समोर पिशव्यांचा ढीग, आतल्या उदबत्त्या सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. भिवाजी डोक्याला हात लावून बसला.

भागूबाईनं दुकानात पाऊल टाकलं ते त्या दिवशी. यापूर्वी ती डबा पोचवायला यायची, तीही पायरीवरूनच परतायची. आता ती पाटावर बसली आणि एकेक पिशवी हुंगून वेगळी करायला लागली. नावं तिला येत नव्हती.

"ही लग्नाच्या मांडवासारखी येते बगा."

"गुलाब आसंल. हितं ठेव."

"ही नव्या वहीसारखी. ही आत्याच्या पेटीसारखी."

"आत्या काय ठेवायची पेटीत?"

"वाळा."

"मग वाळाच हाय."

असं दुपारपर्यंत चाललं. एक पिशवी मात्र तिनं नाकाजवळ नेली आणि झटकन दूर केली. "हे तुमचं चंदन."

"आसं तोंड का करतेस?"

"मला नाय आवडत चंदन."

भिवाजीनं हातातली पिशवी खाली ठेवली. "कदीपासून?"

"पयल्यापासून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमी उदबत्ती लावली आणि इचारलंत, कसा वाटला वास? मी नवी नवरी. काय सांगणार? छान म्हटलं. मग तुमी लावतच रायलात."

"अगं, पण नंतर सांगायचंस ना!"

"नंतर तुमी इचारलं कुठं?"

भिवाजी चंदनाच्या पिशवीची गाठ मारत बसला. सगळ्या गावाला विचारून विचारून वास दिले होते त्यानं. "मग तुला काय आवडतं?" अखेर त्यानं विचारलं.

असं कुणी विचारेल असं भागूबाईला वाटलंच नव्हतं. "ऊद," ती जरा लाजून म्हणाली. "पण थोडासाच. आणि खिडकी उघडी ठेवून."

सणाची गर्दी सुरू झाली आणि भागूबाई पाटावरच राहिली. बायकांना तिची भाषा लगेच कळायची. "ही घेऊ नका, दवाखान्यासारखी येते," असं ती सरळ सांगायची, आणि बायका हसत हसत दुसरी न्यायच्या. पोरं दुकानात डोकावून "काकू कुठंयत?" विचारायला लागली. भिवाजीला सुरुवातीला थोडं टोचलं. पण गिऱ्हाइकासमोर मान डोलवायचं नाटक संपलं, याचं सुख त्याहून मोठं होतं.

ते नाटक उरलं होतं एकाच माणसासमोर, आबाजीसमोर. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा जीव. मुलगा-सून शेजारच्याच घरात. दर गुरुवारी लोबान न्यायचा, आणि नेताना तोंड भरून कौतुक करायचा. "भिवाजी, काय वास देतोस रं! अख्खं घर भरून जातं." त्या गुरुवारीही तो पायरीवर उभा राहून तेच म्हणाला, आणि भिवाजीला ते सहन होईना.

"आबा, खोटं नाय बोलवत. मागचे दोन-तीन पुडे मी नुसते लेबल बगून दिले. मला वास येत नाय."

आबाजी पायरीवर बसला. "मला बी येत नाय," तो म्हणाला.

"काय?"

"करोनात गेला तो गेलाच."

"मग दर गुरुवारी वास, वास करताय ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून." आबाजीनं छत्री मिटली. "आमची ही होती तेव्हा तिन्हीसांजेला लोबान लावायची. आता मी लावतो. धूर फिरताना दिसला की घरात कुणीतरी हाय असं वाटतं. वास येईना का, धूर दिसतो ना!"

भागूबाईनं लोबानाची चांगली पुडी निवडली आणि आबाजीच्या हातावर ठेवली. "उद्या सकाळी दुकान उघडताना या," ती म्हणाली. "दोघांनाबी एकदमच शिकवते."

तेव्हापासून भिवाजीच्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी एक शाळा भरायला लागली. दोन म्हातारे डोळे मिटून बसलेले, आणि समोर भागूबाई लवंग, लिंबाची साल, निलगिरीचा बोळा, गुलाबाची काडी एकेक करून नाकाखाली धरतेय. "नुसतं हुंगू नका, आठवा," ती दटावायची. आबाजी काहीही ठोकून द्यायचा. लिंबाला पेट्रोल, लवंगेला बुटाचं पॉलिश. रिक्षावाले चहा घेऊन बघायला थांबायचे. ज्या बाजारापासून भिवाजीनं सगळं लपवलं होतं, तो बाजारच आता उत्तरं सांगत होता.

घरातलं चंदन बंद झालं. संध्याकाळी भागूबाई चिमूटभर ऊद निखाऱ्यावर टाकायची, आणि भिवाजी खिडकी उघडायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं गुलाबाची काडी धरली आणि भिवाजीनं मान झटक्यात मागे घेतली.

"शी! टायर जाळलंय का कुणी?"

भागूबाईनं काडी परत पुढे केली. त्यानं परत तोंड वाकडं केलं. "टायरच! जळकं टायर! भागू, येतोय गं, वास येतोय!"

"टायरचा कुठला, गुलाब हाय तो!"

"आसू दे गुलाब! घाणेरडा येतोय, पण येतोय!" भिवाजी उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं ती काडी तिच्या हातून घेतली, परत हुंगली, परत शिसारी आली, आणि तो खदखदून हसला.

आबाजी डोळे मिटून तसाच बसून होता. "माझ्या नाकाला लाव ती," तो म्हणाला. "टायर तर टायर."