देवीला सांगितलेलं दुखणं

हातातली वस्तू जाळीची होती, तिला दांडी होती, जाळीत चहाची भिजलेली पूड अडकली होती, आणि तिचं नाव येत नव्हतं. दीपाली ओट्यापाशी उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. काम माहीत होतं, तत्त्व माहीत होतं – छिद्रापेक्षा मोठे कण वर, लहान खाली. सातवीच्या वर्गात वाळू आणि पाणी घेऊन हेच तर ती शिकवत आली होती – पण शब्दाच्या जागी नुसती पांढरी भिंत... गाळणी. आली. तोवर चहा निवला होता.

असे शब्द जातात आता. एकच कधी गेला नाही – लाँग कोविड. तो तिने स्वतः शोधला होता, मोबाइलवर, आडवं पडून, कारण रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट खालवर करून ‘सगळं नॉर्मल’ म्हटलं होतं. संसर्गाला तीन महिने उलटल्यावरही असणारी, निदान दोन महिने टिकलेली, दुसऱ्या कुठल्याही निदानाने न उलगडणारी लक्षणं. व्याख्या वाचून तिला रडू आलं होतं. आणि त्याहून मोठं वाटलं होतं ते हे, की शब्द डॉक्टरांनी काढलाच नव्हता. आजारी माणसांनीच, आपापल्या अंथरुणावरून एकमेकांना कळवता कळवता तो रूढ केला, शास्त्र मागून आलं. म्हणजे कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखंच भिंत धरून उभं होतं...

घरात त्या शब्दाचं काय झालं? विहिरीवरचा पंप सुरू होईना तेव्हा दीर, बाबल्या, ओरडला होता, “आई, ह्याला पन लाँग कोविड झालाय!” सगळे हसले. तीही हसली होती.

“आटप गो, सदू गुरव थांबलाय,” विनोदने ओटीवरून हाक मारली.

नवरा भांडुपला कंपनीत. काल रात्रीच्या गाडीने आला होता, मंगळवारपर्यंत रजा टाकून. तिची रजा मात्र संपली होती. सोमवारी तिच्याबरोबर शाळेत येऊन मुख्याध्यापकांसमोर त्याने एवढंच म्हणायचं होतं – ही खरंच आजारी आहे, हिला अर्धा दिवसच जमेल. तिचं स्वतःचं म्हणणं आता शाळेत कुणी धरत नव्हतं. नवऱ्याचं धरलं असतं. फोनवर तो ‘बघू’ म्हणाला होता, आणि आला तो नारळ घेऊन. आधी देवीला गाऱ्हाणं घालू, आईचं समाधान होऊ दे, मग शाळेचं.

देवळाकडे जाणारी पाखाडी चढणीची, चिऱ्याच्या पायऱ्यांची. ती चढली. ह्या आजाराची लबाडीच ही – चढताना काही होत नाही, थोडी धाप लागते, ती कुणालाही लागते. किंमत उद्या-परवा वसूल होते, मेन स्विच पाडावा तसं अंग बंद पडतं. आणि तेव्हा बघायला कुणी नसतं, कारण बघणारे आज हजर असतात. वर पोचल्यावर सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “चढलीस की गो! बघ, उगाच घाबरतेस.”

सदू एरवी गणपतीपुळ्याच्या वाटेवर रिक्षा चालवायचा. आज सोवळं नेसून देवीसमोर उभा होता, कमरेला मोबाइल खोचलेला. “लवकर उरकू बाई, पुळ्याचा भाडा हाय माजा. काय सांगू देवीला? दुखणा कसला?”

“करणी हाय कुनाची तरी,” सासूबाई म्हणाल्या.

“काय नाय तसा. जरा अशक्तपणा,” विनोद म्हणाला, नारळाची शेंडी नीट करत.

काय नाय तसा. चार वर्षं...

“लाँग कोविड,” ती म्हणाली.

मागे बाबल्याने हसू दाबलं. सदू हसला नाही. “त्यात काय होता ता सांगा. देवीला अर्धवट सांगून चालत नाय. गेल्या साली काशीची म्हस दूध देयना, तिचा गाऱ्हाना घातला. कुठली म्हस ता सांगायचा राह्यला. शेजारनीची देयला लागली.”

आणि तो थांबला. खरोखर थांबला. तिने सांगितलं – आधी चाचरत, मग भराभरा, वर्गात सांगावं तसं. त्याने मान डोलावली, घड्याळाकडे पाहिलं, हात जोडले. मागे घरचे प्रत्येक ओळीला होकार द्यायला हात जोडून उभे राहिले.

“आई वाघजाय, म्हाराजा! ह्या तुज्या लेकीला जो काय लाँग कोविड म्हनून आजार हाय–”

“व्हय म्हाराजा!”

“आज चालली तर उद्या उठवत नाय–”

“व्हय म्हाराजा!”

“बोलता बोलता शब्द जातो, लोकांना सोंग वाटता–”

“व्हय म्हाराजा!”

“पन सोंग नाय–”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज विनोदचा होता. सोंग नाय – व्हय. सासूबाई म्हणाल्या, बाबल्या म्हणाला, एकामागून एक, प्रत्येक लक्षणाला, एकही न वगळता... तिने तिरकं पाहिलं. विनोदचे डोळे मिटलेले, चेहरा शाळेतल्या प्रार्थनेसारखा. ऐकत होता का? की नुसता शेवटच्या शब्दाची वाट बघत होता? असू दे. म्हणाला तर खरं.

“ता आजच्या घटकेला तिच्या अंगातून भायेर काढ, सात समुद्राच्या पल्याड टाक–”

“व्हय म्हाराजा!!”

नारळ फुटला. सदू सोवळं सावरत रिक्षाकडे पळाला.

उतरताना विनोद शीळ घालत होता. “झालं बाबा मोकळं. सोमवारी तू एकटी जाशील ना शाळेत? मी उद्याच निघतो मग, उगाच खाडा कशाला.”

“आणि मुख्याध्यापकांना...”

“आता त्यांना काय सांगायचं? देवीला सांगितलं ना सगळं.”

तो चिडून म्हणाला नव्हता. त्याचा चेहरा हलका होता, चार वर्षांत तिने न पाहिलेला. म्हणजे हा मानत होता. सगळं मानत होता, ते काढून टाकण्यापुरतं. एका दमात दुखणं खरं झालं आणि त्याच दमात संपलं, साक्षीदारांसकट. आजवर ती माणसांपाशी खोटी होती. परवा अंग बंद पडेल – पडणारच, ती पायऱ्या चढली होती – तेव्हा तो भांडुपला असेल, आणि ती देवीपाशी खोटी ठरेल.

ती मधल्याच पायरीवर बसली.

“दमलीस?” सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती, खरी भीती – देवीने ऐकलं नाही की काय. विनोदची शीळ थांबली. तिघंही खालच्या पायरीवरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. आता म्हटलं असतं तर ऐकलंही असतं, कदाचित.

चिरा उन्हाने तापला होता. दीपालीने विनोदकडे पाहिलं. ह्या माणसाला पटावं, पटावं – ती इतकी वर्षं आत धरून ठेवलेली ओढ तिने चाचपून पाहिली, आणि ती जागेवर नव्हती. सुटल्यासारखं मात्र वाटलं नाही. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, कोरडं, गार, बरंचसं सोयीचं, त्याला पटो न पटो असं; आणि ते लवकर उठेलसं दिसत नव्हतं.