मागनं येणारी मेंढरं

पासष्ट साली माण तालुक्यात पाऊस फिरकलाच नाही, तेव्हा अर्जुनानं बायको धोंडूबाई, तान्ही पोर आणि उरलीसुरली मेंढरं घेऊन रहिमतपूर गाठलं. तिथल्या विहिरींना अजून थोडं पाणी होतं. मेंढरं रात्री शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं आणि मालकानं त्याबद्दल ज्वारी द्यायची, हा दरसालचा रिवाज. एरवी अर्जुनाचा कळप आला की रस्ता अडायचा. यंदा तो एका बाभळीखाली मावला, आणि बाभळीलाही यंदा सावली बेताचीच होती.

रानाची मालकीण आक्काताई कळपाकडं बघून म्हणाली, एवढ्यानं माझा एक वाफाही खतवायचा नाही. झालं, अर्जुनाला ते झोंबलं. हा गडी उपाशी राहील, पण कमी पडलो म्हणणार नाही. त्यानं ठोकून दिलं की हा नुसता पुढचा कळप, बाकीचा आई घेऊन येतीय.

आक्काताई व्यवहाराला पक्की. बरं तर, म्हणाली, सगळी आली की ज्वारी एकदमच देते.

धोंडूबाईनं कपाळावर हात मारला. थाप मारायची तर पोट भरणारी तरी मारावी. ह्यानं हातातोंडाशी आलेला घास घालवला. तिचं दूध आटत चाललं होतं. पोर आता कुरकुरायचंही विसरली होती.

मग आक्काताई रोज सकाळी बांधावर येऊन हसत विचारायची, कुठवर आली तुझी आई? दहिवडी सोडली, अर्जुना सांगायचा. मग पुसेगाव आलं. कोरेगावला पोचेपर्यंत त्या कळपात नवी कोकरंही जन्मली. सांगताना तो असा रंगात यायचा की धोंडूबाईलासुद्धा वळून रस्त्याकडं बघावंसं वाटायचं. तिला रागही यायचा आणि हसूही.

एका सकाळी पोर छातीशी धरली तरी तोंड उघडेना. तेवढ्यात आक्काताई आली आणि चेष्टेनं म्हणाली, "काय रं, आई चालतीया का वाटंत बसलीया?"

अर्जुना बोलायच्या आत धोंडूबाई बोलली. "आवं आक्काताई, मागं कोन बी न्हाई. बाकीची मेंढरं माणातच मेली. सासू पुसेगावच्या अलीकडं बसली, ती उठलीच न्हाई. तिथंच माती दिली. ह्ये तवा रडलं बी न्हाईत. मेंढरं हाकायची हुती."

आक्काताईचं हसू जागीच विरलं. तिनं घराकडं हाक मारून दूध मागवलं, पोर स्वतःच्या मांडीवर घेतली आणि गड्याला ज्वारीचं पोतं आणायला पिटाळलं. चमच्यानं दूध घातल्यावर पोरीनं घोट गिळला, तेव्हा कुठं धोंडूबाईच्या जिवात जीव आला.

आक्काताईसमोर उघडं पाडलं म्हणून नवरा आता उखडणार, असं तिला वाटलं. पण तो बांधावर मटकन बसला होता.

"कोरेगावपतूर आणली हुती गं मी तिला," तो म्हणाला, आणि आईसाठी पहिल्यांदाच रडला.