ओलं धोतर

सेनगावजवळच्या तांड्यावर, सासरच्या घरावर पत्रे टाकायला देविदास आला होता. दोन दिवस त्यानं भर उन्हात उघड्या अंगानं काम केलं. पाठ भाजून लाल झाली आणि तिसऱ्या दिवशी अशी खाज सुटली, की जणू कातडीखालून मुंग्या धावताहेत. बायकोनं, मिनानं, खोबरेल चोळलं, तर खाज आणखीच वाढली. शेवटी तो दाराच्या चौकटीला पाठ घासू लागला.

सासू भिकाबाई पदर ओढून चुलीपाशी बसली होती. तांड्याच्या रीतीप्रमाणे लग्नापासूनच्या सात वर्षांत ती जावयाशी एक शब्दही बोलली नव्हती. चौकटीवर रक्त दिसलं, तशी ती उठली.

"जावईबापू, काहून घासून राहिले? बसा इथं."

मिना बघतच राहिली. भिकाबाईनं जुनं मऊ धोतर रांजणाच्या पाण्यात भिजवलं आणि न पिळता त्याच्या पाठीवर पसरलं. ते तापलं की पुन्हा भिजवायची. चार-पाच वेळा असं केल्यावर देविदासचे आखडलेले खांदे सैल पडले.

"बरं वाटून राहिलं, मामी," तो म्हणाला आणि ओशाळून उठू लागला.

"बसा. बोलून तर झालंच आता. उद्या सदरा घालून चढा."