मागच्या भिंतीजवळची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लोखंडी पाय, लाकडी पट्ट्यांची पाठ, आणि डावीकडची बिजागरी अशी की तिच्या मनात असेल तरच ती चालते. पण मित्रांनो, हसू नका. मी विद्यापीठात नोकरीला होते. इंग्रजीचे तीन हजार दोनशे अकरा तास ऐकलेत मी. एवढे तर कुलगुरूंनीही ऐकले नसतील. मोजत होते. उभ्या उभ्या दुसरा उद्योग काय? (खुर्ची जन्मात कधी बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?)

माझा जन्म एका भांडणातून झाला. सुतार म्हणत होता, खुर्ची म्हणजे लाकूड. वेल्डर म्हणत होता, लोखंड. संध्याकाळपर्यंत कुणीच हटेना, म्हणून मी ही अशी अर्धी अर्धी झाले. आम्ही चाळीस बहिणी विद्यापीठाच्या सभागृहात गेलो. तिथून मॅडमनी मला एका हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही हलकी आहे. ही चालेल."

मॅडमचं काम मोठं मजेशीर होतं. शाळेत इंग्रजी आणि लेखन शिकवणारे जे शिक्षक, त्यांना त्या विद्यापीठात शिकवायच्या. शिकाऊ शिक्षक शाळेत जाऊन तास घेत आणि मॅडम मागे बसून पाहत. वर्गात मोठ्या माणसाची खुर्ची एकच. ती घ्यायला मॅडम तयार नसत. "पाहुणी म्हणून जायचं आणि घरधनिणीचीच जागा बळकवायची? छे!" मग मी त्यांच्या स्कूटरला दोरीने बांधलेली, गावभर वारा खात. काय दिवस होते ते! खडूची पूड, ओल्या फडक्याचा वास, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच माझ्या पायाला बांधलेली कुणाच्या तरी दप्तराची नाडी.

मॅडमच्या वहीत पानाच्या मधोमध एक रेघ असे. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. तास चालू असताना फक्त डावी बाजू लिहायची. उजवी बाजू नंतर, शिक्षकासोबत चहा पिताना. आणि तासाच्या मध्ये तोंड उघडायचं नाही, म्हणजे नाही. एकदा एका सरांनी स्वल्पविराम इतका रटाळ शिकवला की भिंतीवरचं घड्याळ पेंगत पेंगत वीस मिनिटं मागे गेलं. मॅडम हूं की चूं करेनात. आणि एकदा एका मुलीने मावशीच्या शिलाई मशीनवरचा निबंध असा वाचला की पालीने तोंडातली माशी सोडली. माशीही उडाली नाही. तीही ऐकत होती. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

मग मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्यावर बसायला नवे सर आले, हातात मॅडमसारखीच मधोमध रेघेची वही. माणूस हुशार, पण चूक दिसली की यांना खाज सुटायची. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, 'लगेच सर'. कारण ते सारखे म्हणत, "चूक लगेच सांगावी. लगेच!"

त्या दिवशी तास होता पुटपुटीचा. ही शिकाऊ शिक्षिका फळ्याशी गेली की आवाज पार पोटात जायचा. परीक्षेच्या तासाला ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी भर वर्गात कुठल्याशा परीक्षकाने मागून ओरडून तिची चूक काढली, तेव्हापासून हे पुटपुटणं. हा तिसरा आणि शेवटचा तास. दाराशी ती मैत्रिणीला सांगत होती, "आज गेलं तर मावशीच्या पार्लरमध्ये टॉवेलांच्या घड्या घालायच्या. तिने कपाटसुद्धा रिकामं करून ठेवलंय."

"मग पार्लरमध्ये पुटपुट," मैत्रीण म्हणाली. "इथे नको."

तास लेखनाचा. तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'रायटिंग'. आणि त्यात 'टी' घातले दोन.

माझ्यावर बसलेला देह ताठ झाला. सरांची तळपायाची आग पार माझ्या पट्ट्यांपर्यंत आली. ते उठायला लागले. मी म्हटलं, आता हे ओरडणार आणि पोरगी संपली. मित्रांनो, मी चावले! बिजागरी मिटली आणि सरांच्या पँटची शिवण माझ्या दातांत. काही लोक म्हणतात, स्क्रू ढिला होता. म्हणोत बापडे.

सर "आई गं" एवढंच म्हणाले आणि परत बसले. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "टीचर, एक टी जास्त झालाय."

पुटपुटीने फळ्याकडे पाहिलं. खडू हातातच. मी श्वास धरला. (खुर्ची श्वास धरते. करकरत नाही, तेव्हा तेच करत असते.)

"खरंच की," ती म्हणाली. "हा शब्द मला शाळेपासून छळतोय. तुम्हाला कुणाला कुठला शब्द छळतो?"

सगळे हात वर.

"मग त्याला पत्र लिहा. चांगलं झापा त्याला."

एकाने लिहिलं, 'अरे नाइफ, तुझ्या पुढचा के मुका का?' सदतीस डोकी वहीत. पंख्याचा आवाजही आगाऊ वाटत होता.

विद्यापीठात परत आल्यावर सर मॅडमना म्हणाले, "नापास! रायटिंगच्या तासाला रायटिंगच चुकलं!"

मॅडमचा पाय स्टुलावर होता. "ते उजवीकडचं झालं. डावीकडचं वाच."

"फळ्यावर दोन टी. मुलीने सांगितले. शिक्षिका थांबली..." सरांचा आवाज हळू होत गेला. "मुलांना छळणारा शब्द विचारला. सगळी मुले लिहू लागली."

"सगळी?"

"सगळी. घंटा झाली तरी दोघं उठेनात."

"माझ्या इतक्या वर्षांच्या वह्यांत असं पान दोनदाही आलं नसेल रे."

सरांनी पेन काढलं, निकालाच्या कागदावर घाईघाईने लिहिलं, आणि दाराबाहेर नखं खात उभ्या असलेल्या पुटपुटीला आत बोलावून कागद हातात दिला. तिने वाचला. पुन्हा वाचला. डोळे भरून आले. आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, 'उत्तीर्ण'मध्ये एक त कमी झालाय."

मॅडम इतक्या हसल्या की टाके उसवायची भीती.

आता मी सामानाच्या खोलीत आहे. हल्ली मागे बसायला गादीच्या, चाकांच्या खुर्च्या आहेत म्हणे. मऊ असतात, पण सारख्या पुढे पुढे घसरतात. मित्रांनो, घरातल्या जुन्या खुर्चीच्या बिजागरीत अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडा. आणि समोर कुणी शिकता शिकता चुकलं, तर लगेच उठू नका. थोडं बसून राहा. आम्ही धरून ठेवतो तुम्हाला.