तीस झाडांचा नमुना

अंगणातली खुर्ची त्याने तिसऱ्यांदा पुसली तेव्हा ताईला राहवलं नाही.

"घुम्या, आता रंग निघून येईल तिचा," ती दारातून म्हणाली. "येणारं माणूस झाडं तपासायला येतंय. खुर्ची नाही."

घुम्या हे नाव ताईनेच तो चार वर्षांचा असताना ठेवलं होतं, आणि पन्नाशी उलटली तरी ते बदलावं असं त्याने काही केलं नव्हतं. फडकं झटकून त्याने तारेवर टाकलं आणि सकाळपासून चौथ्यांदा शेताच्या कडेला जाऊन उभा राहिला.

धंदा दोर वळण्याचा. नावाडी, नाटकाचे पडदे ओढणारे, व्यायामशाळावाले त्याच्याकडून दोर नेत. पाच वर्षांपूर्वी कायदा बदलला, धाग्यासाठी हेम्प लावायला परवाना मिळू लागला, आणि विकतचा धागा सोडून त्याने घरामागच्या दोन एकरांत स्वतःचं पीक घेतलं. हेम्प म्हणजे भांगेचंच भावंड, पण धुतल्या तांदळासारखं; नशा त्यात जवळजवळ नाहीच. आता 'जवळजवळ' हा शब्द कायद्याला कुठून चालायला? त्याने आकडा ठरवून दिला होता. नशेचा अंश हजारात तीन भागांपर्यंत असला तर तुम्ही शेतकरी, वर गेला की उभं पीक नांगराखाली आणि परवाना रद्द. झाड पिकेल तसा अंश चढतो. म्हणून कापणीआधी सरकारी माणसाने येऊन नमुना घ्यायचा आणि तोवर मालकाने विळा लावायचा नाही. शेजारचा गवळी दर वर्षी न चुकता विचारायचा, "काय, यंदा कुणाकुणाला झिंगवणार?" त्यावरही तो हसायचा फक्त.

यंदा तपासणीची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. तो रोज शेंड्याची एक फांदी हातात घेऊन बोटांनी दाबून बघायचा. बी भरत चाललं होतं.

"पिकाची काळजी आहे," तो ताईला सांगायचा.

"हो, पिकाचीच," ताई म्हणायची.

ताई काही दुधखुळी नव्हती. चार वर्षं तपासणीला एकच बाई येत होत्या. पहिल्या वर्षी त्या जीपमधून उतरल्या आणि नमस्कार करायच्या आधी परवान्याची पाटी वाकडी आहे म्हणून त्याला बोलल्या. मग शेतात शिरल्या, नागमोडी चालत गेल्या, वाटेत तीस झाडं निवडली आणि प्रत्येकाचा वीतभर शेंडा छोट्या कात्रीने कापून कागदी पिशवीत टाकला. मोजताना चुकू नये म्हणून त्या एक आकडा म्हणायच्या, पुढचा त्याने म्हणायचा. "सात." "आठ." "नऊ." ताई पायरीवर बसून ऐकायची. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघण्याची मारामार, तो तीसपर्यंत कसा खडखडीत मोजतो, याची तिला गंमत वाटायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, मुलगी परगावी नोकरी करते, एवढं तिने चहाच्या दोन कपांत बाईंकडून काढून घेतलं होतं. भावाला हे विचारायला अजून दहा वर्षं लागली असती.

पुढे पुढे बाई फोन करू लागल्या. परवान्याचा क्रमांक काय, बियाणं कुठल्या जातीचं. ही सगळी माहिती त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच अक्षरात होती. तोही टपालाने पाठवायचा अर्ज स्वतः घेऊन जायचा, एकदा तर एकाच अर्जासाठी तीनदा. आणि शेवटच्या खेपेला, सात महिन्यांपूर्वी, त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या शेतातल्या धाग्याचा वळलेला दोर कागदात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. बाईंनी तो उलगडून बराच वेळ हातात धरला आणि परत गुंडाळला.

"अधिकाऱ्याला परवानाधारकाकडून काही घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

तो घेऊन आला. त्यानंतर एकही फोन नव्हता. आपण मर्यादा सोडली, बाईंना अडचणीत टाकलं, हे त्याच्या मनाने पक्कं घेतलं होतं. ताईला त्याने हे सांगितलं नव्हतं, पण त्या आठवड्यात त्याने वळलेले सगळे दोर सैल निघाले होते आणि उकलून पुन्हा वळावे लागले होते.

जीप आली ती दुपारी. तो फाटकापर्यंत जवळजवळ धावतच गेला. दार उघडलं आणि एक जाडजूड, निवृत्तीला टेकलेले साहेब रुमालाने नाक पुसत खाली उतरले.

ताईने पायरीवरून पाहिलं. भावाचा चेहरा असा पडला की तिला उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

"चला, उरकून घेऊ," साहेब शिंकत म्हणाले. "मला या झाडांची ॲलर्जी आहे. सगळ्या खात्याला माहीत आहे, तरी पाठवतात."

नमुना झाला. साहेब मनातल्या मनात मोजत होते आणि मध्येच शिंक आली की विसरत होते. तेवीस की चोवीस यावर ते अडले तेव्हा त्याने हळूच "चोवीस" म्हटलं. पिशवी बांधून झाली, लाखेचा शिक्का बसला. एवढा वेळ ओठांवर आलेलं त्याने शेवटी विचारलं.

"मॅडमची बदली झाली?"

"छे. ऑफिसातच आहेत." त्याला समोरच्या बाकावर बसवून साहेब घाम पुसत खुर्चीत बसले. "त्यांनी लेखी दिलंय, 'या शेताचा नमुना माझ्याकडे नको' म्हणून. त्यावरून फाइल वरखाली फिरत बसली आणि तुमचे अकरा दिवस गेले."

म्हणजे बाईंना यायचंच नव्हतं. त्याला एकदम खूप लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त वाईट वाटलं.

"भावाचं काही चुकलं का साहेब?" ताईनेच विचारलं.

"ते मी कसं सांगू? कागदात काय ते आहे. तुमच्या भावालाही भरायचाय तो." साहेबांनी फाइलमधून एक कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. "हितसंबंध जाहीर करण्याचा नमुना. अधिकारी वर भरतो, परवानाधारक खाली."

वरचं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. 'परवानाधारकाशी नाते अथवा व्यक्तिगत संबंध आहे काय?' या प्रश्नापुढे बाईंनी लिहिलं होतं: 'आहे.' खाली 'संबंधाचे स्वरूप' असा रकाना होता. तो कोरा होता, आणि कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'परवानाधारकाने भरावे.'

त्याने तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"छत्तीस वर्षांत असला रकाना कोरा सोडलेला मी पाहिला नाही," साहेब म्हणाले. "आणि त्यातून या बाई! शून्यापुढचं टिंबसुद्धा दोनदा तपासतात. म्हटलं, चुकून राहिलं असेल. तर म्हणाल्या, नाही, असंच घेऊन जा."

ताई पायरीवरून उठून कधी त्याच्या मागे येऊन उभी राहिली, ते कुणालाच कळलं नाही.

"इथे 'काही नाही' असं लिहिलं तर?" त्याने विचारलं.

"तर त्यांचं म्हणणं गैरसमजातलं ठरेल. संबंध नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच येतील. काही लिहिलंत, तर मात्र नमुन्यासाठी त्यांना या शेतात कधीच पाय ठेवता येणार नाही. नियम आहे."

तो शेताकडे बघत राहिला. वर्षातून एक दिवस आणि तीस झाडं. ते त्याचं हक्काचं होतं. चार वर्षं त्याला ते पुरलंही होतं. 'काही नाही' हे दोन शब्द लिहिले की पुढच्या वर्षी त्या पुन्हा कात्री घेऊन येतील आणि तो "दोन" म्हणेल, "चार" म्हणेल. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी याहून सोपं काय असणार होतं?

"नमुन्यासाठीच येता येणार नाही ना?" ताईने मागून विचारलं. "एरवी?"

"एरवीचं नियमात काही नाही," साहेब म्हणाले. "लिहा काय ते. मला अजून दोन शेतं शिंकायची आहेत."

त्याने पेन घेतलं. ताई वाकून बघू लागली तशी त्याने शाळेतल्यासारखा डावा हात आडवा धरला. लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने कागद साहेबांकडे सरकवला आणि उठून उगाच खांबाला धरून उभा राहिला. कान लाल झाले होते.

साहेबांनी चष्मा खाली ओढून मोठ्याने वाचलं, कारण वाचून दाखवणं त्यांचं कामच होतं.

"'होणारी पत्नी. त्यांची हरकत नसल्यास.'"

ताईने तोंडाला पदर लावला. डोळे मात्र तिला झाकता आले नाहीत.

"हे 'हरकत नसल्यास' जरा..." साहेब पुटपुटले. "सरकारी कागदावर असं अधांतरी चालत नाही."

"खोडू का?"

"नको नको. खाडाखोड तर अजिबात चालत नाही." त्यांनी पुन्हा एकदा ती ओळ वाचली, त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का उमटवला. कागद घडी न घालता त्यांनी फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवला.

जीप सुरू झाली तरी तो खिडकीशी उभाच होता.

"निकाल कधी कळेल?" त्याने विचारलं.

"नमुन्याचा दहा दिवसांनी." साहेबांनी रुमाल शोधता शोधता म्हटलं. "हा कागद संध्याकाळी बाईंच्या टेबलावर जाईल. त्या कुठलाच कागद दुसऱ्या दिवसावर ठेवत नाहीत."