चकाजवळचा हात

विश्वासराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या लेकीकडे भोपाळला गेले, आणि इकडे बिर्लानगरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्या मंजिरीने त्यांचा लोखंड कातायचा लेथ उघडून ठेवला. विचारायचं नाही, आल्यावर एकदम दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्याचं भलं करायला निघालेली माणसं विचारत नाहीत, हा जुनाच रोग आहे.

लेथ म्हातारा झाला होता. ज्यावरून टूल पुढेमागे सरकतं तो बेड, कांब धरून फिरवणाऱ्या चकाजवळ, झिजून खाली बसला होता. मंजिरीने कांब कापली की ती चकाजवळ केसभर जाड राहायची. बाबांची मात्र कधीच राहिली नाही. तिने बेडवर निळा रंग फासलेली सरळपट्टी घासली, रंग लागला तो उंच भाग स्क्रेपरने खरवडला, आणि हेच पुन्हापुन्हा केलं. मनगट सुजलं. आई चहा ठेवून जायची आणि "अगं, टाइमवर जेवत तरी जा," म्हणून कुरकुरायची. अखेर पट्टी सगळीकडे सारखी टेकली, तेव्हा मंजिरीला रडूच आलं.

विश्वासराव परतले. त्यांनी मशीनला नमस्कार केला, बेडवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बहुत बढिया, बेटा." मग कांब लावून कापली, मायक्रोमीटरने मोजली. चकाजवळ बारीक. दुसरी कापली, तीही बारीक.

"मशीन चांगली झालीय," ते म्हणाले. "माझाच हात गेला."

त्यांनी लेथवर चादर टाकली. टोपी बाजारातून शाफ्ट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दारातूनच परतवून लावलं. नोकरीची मिल बंद पडली तेव्हाही हा माणूस असा भिंतीकडे तोंड करून बसला नव्हता. आपणच बाबांना संपवलं, असं मंजिरीला वाटत राहिलं.

शेड झाडताना भंगारात तिला आपली एक जुनी, वाया गेलेली कांब सापडली. चकाजवळ जाड राहिलेली. काय वाटलं कोण जाणे, तिने ती बाबांच्या कांबीशेजारी ठेवून मोजली. जिथे तिची जाड होती तिथेच बाबांची बारीक होती, आणि नेमकी तितकीच. मग तिला उमगलं. जुन्या बेडवर टूल तिथे मागे हटायचं, आणि बाबांचा हात त्यांच्याही नकळत हँडल फिरवून टूल तेवढंच आत द्यायचा. बेड सरळ झाला, तरी हात अजून देतच होता.

तिने त्यांना हाताला धरून आणलं, दोन्ही कांबी पुढे ठेवल्या, सगळं सांगितलं. विश्वासरावांनी दोन्ही कांबींवरून बोट फिरवलं.

"ऑटोवर लाव," ते म्हणाले.

मशीन आपोआप कापू लागली आणि ते पाठीमागे हात बांधून उभे राहिले. त्यांना मशीनपुढे असं रिकाम्या हातांनी उभं राहिलेलं मंजिरीने जन्मात पाहिलं नव्हतं. कांब या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आली.

"मग इतकी वर्षं मी काय करत होतो गं?"

"बेड सरळ करत होतात, बाबा. रोज."

त्यांनी नव्या चष्म्याखालून डोळे पुसले. आपली बारीक कांब उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग हँडलवर हात ठेवला.

"दुसरा तुकडा लाव," ते म्हणाले. "आणि चकाजवळ आलो की माझा हात धर."