चंद्रावरचा मलेरिया

"कवडू, हे कार्टून नाही, माझ्या नोकरीचं तेरावं आहे," महादेवराव साहेब घाम पुसत म्हणाले.

ऑफिसच्या पडद्यावर चंद्रावरचा लोखंडी राजा प्रजेच्या तोंडांना कुलपं ठोकत होता. सिनेमा परदेशातला, आणि इथे आणीबाणी! कन्हानच्या खाणकामगारांसाठी 'मुलांचा सिनेमा' म्हणून तो जाहीरही झाला होता. रद्द करावा तर वरून विचारणा, दाखवावा तर थेट बदली. इकडे आड, तिकडे विहीर.

कवडू मेश्राम सरकारी फिरत्या सिनेमाचा ऑपरेटर. सिनेमा कुठल्याही भाषेतला असो, माइक धरून तो वऱ्हाडीत सांगत जायचा. लोक पडद्यापेक्षा त्यालाच ऐकायला यायचे. एकोणीस वर्षं बिचारा रोजंदारीवर. कायम करण्याच्या कागदावर आता साहेबांची सही तेवढी राहिली होती.

"तू सांग, हा राजा म्हणजे मलेरियाचा डास," साहेबांनी तोड काढली. "नीट पार पडलं तर तिथंच सही करतो."

"हाव साहेब. डास तर डास."

रविवारी दुपारी कन्हानचा हॉल गच्च भरला.

"हा पाहा मच्छर," कवडूनं सुरू केलं.

पुढे बसलेली बायजाबाई खाणीवर टोपल्या वाहून म्हातारी झालेली. तिला कोणाची भीती? "मच्छराले सिंहासन काहून लागते गा?"

"रक्त पिऊन पिऊन उभं राहवत नाही ना, माय."

हॉल हसला.

"अन् लोकायच्या तोंडाले कुलपं?"

"मच्छर तोंडात जाऊ नये म्हून. सरकारले काळजी हाय."

आता लोक मांड्या थोपटू लागले. साहेबही हसले आणि दचकून मागे पाहू लागले. तरी खूश होऊन त्यांनी कागद बाहेर काढला, पेनाचं टोपण उघडलं.

शेवटी राजा खड्ड्यात कोसळला. कुलपं गळून पडू लागली. साहेबांनी खूण केली. फवारणी झाली, डास मेला, सरकारचे आभार, एवढंच सांगायचं होतं.

कवडूनं माइक तोंडाशी नेला. पडद्यावर एक म्हातारा आपलं मोकळं झालेलं तोंड नुसतं चाचपत होता. बोलायचं कसं हेच तो विसरला होता. कवडूला 'डास मेला' म्हणवेना. त्यानं माइक बंद केला.

मग बायजाबाई स्वतःच पडद्यावरचं मोठ्यानं सांगू लागली, आणि तिच्यामागून सगळेच.

साहेबांनी कागदाची घडी घालून तो पुन्हा खिशात ठेवला. "पुढच्या वर्षी बघू," ते खाली बघत म्हणाले.

"हाव साहेब."

लोक पांगले. कवडू रीळ गुंडाळायला बसला. बायजाबाई त्याच्याजवळ येऊन टेकली आणि त्यालाच सिनेमा पहिल्यापासून सांगू लागली. कवडू हात थांबवून ऐकत राहिला.